पित्त समजून नऊ वर्षं काढली, निघाला जंतू (हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि अल्सर)

अक्षरवेल (धागाकर्ती)

बाबांना नऊ वर्षं 'पित्त' आहे. निदान आम्ही तसं म्हणत आलो. रात्री दीड-दोनला बेंबीच्या वर आग पडून जाग यायची. उठून चार घास खाल्ले की अर्ध्या तासात शांत. मग पंधरा दिवस पित्ताची गोळी, दोन-तीन महिने बरे जायचे, की पुन्हा तेच. या नऊ वर्षांत घरातल्या प्रत्येकाने त्यांना ऐकवलं आहे: चिडू नका, तिखट सोडा, वेळेवर जेवा, काळज्या कमी करा. "तुमचा स्वभावच तुमचं पोट खातोय" हे वाक्य माझं.

मागच्या महिन्यात त्यांना चार दिवस डांबरासारखं काळं, चिकट शौच होत होतं. कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ६.८. रक्त चढवलं, दुर्बीण टाकली. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे, ड्युओडेनममध्ये, अल्सर होता आणि त्यातून रक्त जात होतं. जठराच्या अस्तराचे तुकडे तपासायला पाठवले, त्यात एच. पायलोरी नावाचा जंतू सापडला.

आता १४ दिवसांचा कोर्स दिलाय: दोन अँटिबायोटिक, बिस्मथ आणि आम्ल कमी करणारी गोळी. डॉक्टर म्हणाले, हा जंतूचा आजार आहे, स्वभावाचा नाही. बाबा काहीच बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते पाहिल्यापासून मला झोप नाही.

मला हे नीट समजून घ्यायचंय. पोटातल्या आम्लात जंतू जगतो कसा? जंतूच होता तर नऊ वर्षं पित्ताच्या गोळीने बरं कसं वाटायचं? आणि घरातल्या बाकीच्यांचं काय?

रानवाट

ताई, आधी बाबांना लवकर बरं वाटो. माझंही असंच झालं होतं. मला तर दोन वर्षं ताण कमी करायचे व्यायाम सांगितले होते. मी ते मनापासून केले आणि तरीही दुखलं, की वाटायचं आपण नीट करत नाही आहोत. शेवटी श्वासाच्या तपासणीत जंतू सापडला. कोर्स झाल्यावर सहा वर्षं पोटाची तक्रार नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, सगळ्या जगाची तीच समजूत होती.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीत आहे. असे तुकडे रोज काचपट्टीवर पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जठराच्या पोकळीतलं आम्ल खरोखर जहाल असतं आणि बहुतेक जंतू त्यात काही मिनिटांत मरतात. पायलोरी तिथे राहतच नाही. जठर स्वतःला आम्लापासून वाचवायला अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर ठेवतं. त्या थराच्या तळाशी, अस्तराच्या पेशींजवळ, आम्लता जवळजवळ नसतेच. हा जंतू तिथे घर करतो. तिथवर पोहोचेपर्यंतची वाट मात्र आम्लातूनच जाते आणि त्यासाठी त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. आपल्या जठररसात थोडा युरिया असतोच. युरिएज त्याचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. अमोनिया आम्ल मारतो. म्हणजे जंतू स्वतःभोवती एक सौम्य कवच तयार करत पुढे जातो. त्याचा आकार स्क्रूसारखा पिळदार आणि एका टोकाला शेपट्यांचा झुपका, त्यामुळे श्लेष्मात तो शिरत जातो.

आता अल्सर लहान आतड्यात कसा, तेही सांगते, कारण हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. जंतू प्रामुख्याने जठराच्या खालच्या भागात ठाण मांडतो. तिथे कायमची सूज येते. त्या सुजेमुळे आम्लाला लगाम घालणारा संदेश, सोमॅटोस्टॅटिन, कमी पडतो आणि आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन जास्त सुटतं. वरच्या भागातल्या निरोगी पेशी मग हुकमाप्रमाणे भरपूर आम्ल बनवतात. ते जादा आम्ल ड्युओडेनममध्ये उतरतं. तिथलं अस्तर स्वतःला वाचवण्यासाठी जागोजागी जठरासारखं होऊ लागतं, आणि अस्तर जठरासारखं झालं की जंतूला तिथेही राहता येतं. सूज, आम्ल आणि जंतू एकाच जागी आले की तिथे व्रण, म्हणजेच अल्सर, पडतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गोळीने आम्ल कमी व्हायचं, व्रण भरून यायचा, दुखणं थांबायचं. जंतू तिथेच. गोळी बंद, आम्ल परत, व्रण परत. नुसती आम्लाची गोळी देऊन थांबलेल्या रुग्णांत निम्म्याहून अधिकांचा ड्युओडेनमचा अल्सर वर्षभरात उलटायचा. जंतू घालवल्यावर हे प्रमाण शंभरात दहाच्याही खाली येतं. बाबांची नऊ वर्षं म्हणजे हेच चक्र.

'पित्त' या शब्दाबद्दलही बोलावंसं वाटतं. खरं पित्त यकृतात तयार होतं. आपण मराठीत जठरातल्या आम्लालाही पित्तच म्हणतो, आणि पित्त म्हटलं की ते प्रकृतीत असतं, स्वभावात असतं, असं आपोआप मनात येतं. मग 'माझी पित्ताची प्रकृती' म्हणून माणूस वर्षानुवर्षं सहन करतो आणि तपासणी राहून जाते. माझ्या समोरच्या काचपट्ट्यांत अशी खूप माणसं आहेत.

पानगळ

मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा इतिहास हा माझा आवडीचा विषय. रानवाट म्हणतात तशी ही समजूत खरंच सगळ्या जगाची होती आणि ती मोडायला फार वेळ लागला.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना जठराच्या तुकड्यांवर वाकडे जंतू दिसले. सूज असेल तिथे जंतू, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी मिळून शंभर रुग्णांचे तुकडे तपासले, पण जंतू प्रयोगशाळेत वाढेना. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी टाकून द्यायचे. १९८२ च्या ईस्टरच्या जोडून आलेल्या सुट्टीत बशा तशाच राहिल्या, आणि परत येऊन पाहिलं तर जंतू वाढलेले. त्याला उगवायला जास्त दिवस लागत होते, एवढंच.

तरीही कुणी मानेना. अल्सर ताणाने आणि आम्लाने होतो हे पक्कं ठरलेलं होतं. 'आम्ल नाही तर व्रण नाही' हे सूत्र १९१० पासूनचं. त्यात १९५४ मध्ये अमेरिकेत हजाराहून अधिक रुग्णांचे तुकडे तपासून असा जंतू मिळत नाही, असा निष्कर्ष छापला गेला होता. साध्या रंगाने हे जंतू सहज दिसत नाहीत. वॉरननी चांदीच्या क्षारांनी तुकडे रंगवले, तेव्हा ते उठून दिसले.

शेवटी १९८४ मध्ये मार्शलनी स्वतःच जंतूंचं द्रावण प्यायलं. आधी दुर्बिणीने तपासून आपलं जठर निरोगी असल्याची खात्री केली होती. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला वास. पुन्हा दुर्बीण टाकली तेव्हा जठराला सूज होती आणि जंतू होते. नीट सांगायचं तर त्यांना अल्सर झाला नाही, जठराची सूज झाली. पण निरोगी जठरात हा जंतू सूज आणतो, एवढं तरी सिद्ध झालं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मला मात्र आठवण राहते ती जॉन लिकुडिस यांची. ग्रीसमधल्या मिसोलाँगीचे साधे डॉक्टर. १९५८ मध्ये स्वतःच्या आजारपणात अँटिबायोटिक घेतलं, तर जुना अल्सरचा त्रासही थांबला. मग त्यांनी रुग्णांना अँटिबायोटिक द्यायला सुरुवात केली आणि लोक बरे होऊ लागले. त्यांचं लेखन छापायला नकार मिळाला, शिस्तभंगाची कारवाई होऊन दंड झाला. ते १९८० मध्ये गेले. वॉरन आणि मार्शल यांची पर्थमधून पहिली पत्रं छापून आली १९८३ मध्ये. तीन वर्षं अजून जगले असते तर!

दूरचा_डोंगर

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या आजोबांचं अर्धं जठर काढलं होतं, सत्तरच्या दशकात. तेव्हा अल्सरला तेच करायचे. काहींची जठराकडे जाणारी व्हेगस नस कापायचे म्हणजे आम्ल कमी होईल. आजोबा त्यानंतर कधी पोटभर जेवले नाहीत. जेवण झालं की घाम फुटायचा, छाती धडधडायची, आडवं व्हावं लागायचं. मी लहान होतो, मला वाटायचं सगळेच आजोबा जेवल्यावर असे झोपतात. दोन आठवड्यांच्या गोळ्यांत संपला असता तो आजार.

मूळाक्षर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून एक शंका. जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आहे असं मी वाचलंय. माझ्याही आहे, तपासणीत आलंय, मला काहीच त्रास नाही. आणि माझ्या आईला अल्सर झाला तेव्हा जंतू नव्हता. मग हाच कारण आहे असं ठामपणे कसं म्हणायचं?

सूक्ष्मदर्शी

रास्त शंका आहे. जंतू असलेल्या बहुतेकांना आयुष्यात अल्सर होत नाही. होतो तो साधारण दहा ते वीस टक्क्यांना. कुणाला होईल हे जंतूच्या वाणावर अवलंबून असतं (काही वाणांत कॅगए नावाचं प्रथिन असतं, ते जास्त त्रासदायक), माणसाच्या जनुकांवर असतं, आणि धूम्रपानासारख्या सवयींवर. पण उलट बाजूने पाहा. जंतू घालवला की अल्सर परत यायचा थांबतो. माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हाच. नुसती जंतू आणि व्रण यांची संगत दाखवून मार्शलना कुणी नोबेल दिलं नसतं.

तुमच्या आईंबद्दल विचारते: त्या वेदनाशामक गोळ्या घेत होत्या का? गुडघे, पाठ, डोकेदुखी, कशासाठीही?

मूळाक्षर

हो. संधिवातासाठी. कित्येक वर्षं, रोज.

सूक्ष्मदर्शी

मग बहुधा तेच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्या हे अल्सरचं दुसरं मोठं कारण. जठराच्या अस्तराची राखण करणारे प्रोस्टाग्लँडिन या गोळ्यांनी कमी होतात. पॅरासिटामॉल या गटातलं नाही. जंतू आणि या गोळ्या दोन्ही असतील तर धोका आणखी वाढतो, म्हणून दीर्घकाळ अशा गोळ्या सुरू करण्याआधी जंतू तपासून घालवणं चांगलं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

तुमच्या पोटात जंतू आहे आणि त्रास नाही, त्याबद्दलही आता बहुतेक तज्ज्ञ सापडला तर उपचार करा असंच सांगतात.

अक्षरवेल

आज कोर्सचा सहावा दिवस. बाबांच्या तोंडाला सतत धातूची चव आहे, अन्न नको वाटतंय, मळमळतंय. आणि आज सकाळी शौच पुन्हा काळं. माझे हातपाय गळाले. जीभही काळी दिसतेय. कोर्स बंद करू का असं ते विचारतायत.

औषधवाली

ताई, थांबा, घाबरू नका. मी फार्मसिस्ट आहे. बिस्मथने शौच आणि जीभ दोन्ही काळी होतात. औषध संपल्यावर जातं. रक्ताचं काळं वेगळं असतं: डांबरासारखं चिकट आणि उग्र, विचित्र वास. शिवाय चक्कर, धडधड, घाम, फिकेपणा असं काही असेल तर वाट न पाहता दवाखान्यात. महिन्याभरापूर्वी रक्त गेलेलं आहे, म्हणून तसंही आज डॉक्टरांना फोन करून सांगा, गरज वाटली तर ते हिमोग्लोबिन पाहतील.

धातूची चव बहुधा मेट्रोनिडॅझोलची, म्हणजे दोनांतल्या एका अँटिबायोटिकची. ती १४ व्या दिवसापर्यंत राहील, त्याला इलाज नाही. पण कोर्स मध्येच सोडू नका, हे हात जोडून सांगते. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात आणि टिकाऊ उरतात, मग पुढच्या वेळी तीच औषधं लागू पडत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जगभर अनेक ठिकाणी असं लागू पडेनासं झालंय. पूर्वी तीन औषधांचा कोर्स पुरायचा, आता अनेक ठिकाणी तो पुरत नाही, म्हणून बाबांना दिलाय तसा चार औषधांचा, १४ दिवसांचा कोर्स पहिल्यांदाच देतात. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी काढली, त्यात क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा पायलोरी होता.

आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास, बाकीची लिहून दिल्याप्रमाणे. दुसरं अँटिबायोटिक टेट्रासायक्लिन असेल तर दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत देऊ नका, ती नीट शोषली जात नाही. या काळात दारूचा थेंब नको. आणि इतर कोणत्या गोळ्या चालू असतील तर एकदा डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा.

रानवाट

आठवा ते दहावा दिवस मला सगळ्यात जड गेला होता. मी भिंतीवर चौदा रेघा काढल्या होत्या आणि रोज एक खोडायचो. बाबांना सांगा, निम्मं संपत आलं.

सांजवारा

लसूण, मध, दही यांनी हा जंतू जातो असं ऐकलंय. कुणाला अनुभव?

सूक्ष्मदर्शी

काचेच्या बशीत लसणाचा अर्क जंतू रोखतो, मधही रोखतो. पोटात श्लेष्माखाली लपलेला जंतू त्यांनी जातो असं सिद्ध झालेलं नाही. काही प्रोबायोटिक कोर्समधले जुलाब कमी करायला मदत करतात, पण कोर्सची जागा घेत नाहीत.

मूळाक्षर

आता मीही उपचार घ्यायचं ठरवलंय. पण एक विचारतो. कोर्सनंतर जंतू गेला हे कसं कळणार? माझी तपासणी रक्ताची होती. तीच पुन्हा करू?

सूक्ष्मदर्शी

नको. रक्तात दिसतात ती शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी), आणि जंतू गेला तरी ती महिनोन्‌महिने, कधी वर्षंही राहतात. खरं तर उपचार सुरू करण्याआधीही श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू आत्ता आहे का ते पक्कं करा.

श्वासाची तपासणी मला फार सुंदर वाटते. खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. पोटात जंतू असेल तर त्याचं युरिएज तो युरिया फोडतं, आणि तोच खुणेचा कार्बन थोड्या वेळात तुमच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सापडतो. ज्या युक्तीवर जंतू जगतो त्याच युक्तीने तो पकडला जातो. शौचात जंतूचे अंश शोधणारी अँटिजन तपासणीही तितकीच भरवशाची.

यात एक चूक फार जणांकडून होते. आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना तपासणी केली तर जंतू दडलेले असतात आणि निकाल खोटा 'नाही' येऊ शकतो. ती गोळी किमान दोन आठवडे बंद हवी, आणि अँटिबायोटिक व बिस्मथ संपून किमान चार आठवडे झालेले हवेत. गोळी बंद करायचं मात्र डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः ज्यांना रक्तस्राव होऊन गेलाय त्यांनी. रक्तस्राव चालू असताना घेतलेल्या तुकड्यांतही जंतू कधी निसटतो, तेव्हा 'नाही' आलं तर पुन्हा तपासावं लागतं. अक्षरवेल, तुमच्या बाबांचा पहिल्याच वेळी सापडला हे बरं झालं.

कोर्सनंतरची ही खात्री प्रत्येकाने करायची असते. दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेला, असं नाही. बाबांचं दुखणं नऊ वर्षांत कितीतरी वेळा थांबलं होतं.

सांजवारा

या जंतूने कर्करोग होतो हे खरं आहे का? नुसतं वाचूनच भीती वाटली.

सूक्ष्मदर्शी

खरं आहे. १९९४ मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने या जंतूला माणसात निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातलं. पण जंतू असलेल्या शंभरात साधारण एक ते तीन जणांना जठराचा कर्करोग होतो, तोही बऱ्याच दशकांनी. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखं: ड्युओडेनमचा अल्सर आणि जठराचा कर्करोग यांच्या वाटा बऱ्याच वेगळ्या आहेत. पहिल्यात आम्ल जास्त असतं. दुसऱ्यात सूज जठरभर पसरून अस्तर झिजतं आणि आम्ल घटत जातं. व्रण जठरातच असेल तर मात्र तो भरला का, हे पाहायला पुन्हा दुर्बीण टाकायला सांगतात, कारण काही कर्करोग सुरुवातीला अल्सरसारखेच दिसतात. कारण नसताना वजन घटणं, गिळताना अडकणं, सतत उलट्या, घरात कुणाला जठराचा कर्करोग, असं काही असेल तर थांबू नका.

एक दिलासाही आहे. जठराचा माल्ट लिम्फोमा नावाचा एक दुर्मीळ कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर बऱ्याच रुग्णांत नुसता जंतू घालवल्याने नाहीसा होतो.

अक्षरवेल

घरातल्या बाकीच्यांचा प्रश्न राहिला आहे.

सूक्ष्मदर्शी

लागण बहुतेक वेळा लहानपणी होते, घरातल्या घरात, तोंडावाटे. उलटी, लाळ, दूषित पाणी, अस्वच्छ हात यांतून. मोठेपणी नव्याने लागण होण्याचं प्रमाण कमी. तुम्ही भावंडं बाबांच्याच घरात वाढलात, तेव्हा तुम्हाला असण्याची शक्यता आहे. एकदा तपासून घ्या. बाबांचं ताट वेगळं ठेवण्याची वगैरे अजिबात गरज नाही.

अक्षरवेल (नऊ आठवड्यांनी)

सांगायला उशीर झाला. बाबांनी चौदाही दिवस पूर्ण केले. त्यानंतर व्रण भरेपर्यंत आम्लाची गोळी चालू होती, मग डॉक्टरांनी ती बंद करून दोन आठवडे थांबायला सांगितलं. ते दोन आठवडे मी रात्री दोनचा गजर न लावताही जागी व्हायचे आणि त्यांच्या खोलीत डोकावायचे. पाण्याच्या ग्लासाचा, दिव्याच्या बटणाचा आवाज येतोय का ऐकायचे. ते झोपलेले असायचे.

परवा श्वासाची तपासणी झाली. जंतू नाही.

माझ्यात मात्र आहे, धाकट्या भावात नाही. माझा कोर्स सोमवारपासून. बाबांनी स्वतः कागदावर चौदा चौकोन आखून दिलेत.

हा धागा त्यांना वाचून दाखवला. लिकुडिसांपाशी आल्यावर म्हणाले, परत वाच. वाचून झाल्यावर मी त्यांची माफी मागितली, त्या वाक्याबद्दल. ते म्हणाले, "मलाही तसंच वाटत होतं गं."

हिमोग्लोबिन ११ झालंय. लोहाच्या गोळ्या अजून तीन महिने.

औषधवाली

खूप बरं वाटलं वाचून. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होतं, बाबांना आणि स्वतःलाही आधीच सांगून ठेवा. चिकट आणि उग्र वासाचं असेल, सोबत चक्कर असेल, तरच धावपळ. आणि या वेळी चार दिवस लपवायचं नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

अक्षरवेल

कबूल करून घेतलंय.